गुडघा टेकण्याची विद्या

गुडघे टेकणें याचा आपल्या भाषेंत एकच अर्थ आहे, आणि तो म्हणजे हार खाणें. लढाईंत, वादांत, सावकारापुढें किंवा गणिताच्या प्रश्नपत्रिकेपुढें ज्यानें गुडघे टेकले त्याची कींव करावी अशी आपली जुनी रीत. परंतु हल्लींच्या तरुणांत असा एक पंथ निघाला आहे कीं, त्यांत गुडघा जमिनीस टेकणें हीच परमसिद्धि मानली जाते. शर्यतीच्या घाटणीची मोटारसायकल भरवेगांत वळणावर आडवी करावयाची, स्वतः तिच्यावरून आंतल्या अंगास अर्धवट उतरल्याप्रमाणें लोंबावयाचें, आणि आंतला गुडघा डांबरास घासून गेला म्हणजे जन्माचें सार्थक झालें असें समजावयाचें. हा एकच गुडघा असतो हें लक्षांत ठेविलें पाहिजे; दोन्ही टेकले तर जुनाच अर्थ लागू होतो.

ह्या पंथाची दीक्षा आमच्या भाच्यानें घेतली आहे. पोरगा तेवीस वर्षांचा, नोकरी बरी आहे, आणि पहिल्या वर्षाच्या शिलकेंतून त्यानें जें एक सबंध कातडी चिलखत विकत घेतलें, त्याच्या किंमतींत आमच्या भगिनीनें त्याच्यासाठीं पाहून ठेविलेलें कपाट व टेबल हीं दोन्हीं आलीं असतीं. ह्या चिलखताच्या गुडघ्यांवर कठीण प्लॅस्टिकची एकेक जाड चकती बसविलेली असते. तिला स्लायडर म्हणतात, आणि ती वहाणेच्या तळव्याप्रमाणें झिजण्यासाठींच केलेली असते. आमच्या भाच्याच्या दोन्ही चकत्या दुकानांतून आणल्या तशाच कोऱ्या करकरीत होत्या, आणि हेंच त्याचें दुःख होतें. मित्रमंडळींत कोरी चकती म्हणजे मुंज न झालेला मुलगा. म्हणून दर रविवारीं पहाटे तो मंडळींसह मुळशीच्या बाजूनें ताम्हिणी घाटांत जाऊं लागला. त्याच मंडळींतील एक मुलगा मागील पावसाळ्याच्या अखेरीस वळणावर सांचलेल्या वाळूवरून घसरून कठड्याखालीं गेला होता. तो वांचला, पण त्याच्या खांद्याचें हाड व नोकरीचें एक वर्ष गेलें. तें ऐकल्यापासून आमच्या भगिनीस रविवारची पहाट म्हणजे शत्रु झाली. “दादा, तूंच त्याला कांहीं तरी सांग,” असें ती आम्हांस म्हणाली. “बापाचें ऐकत नाहीं, तुझें ऐकेल.”

उपदेश करण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा हा अध्यापकाचा धर्म होय, जरी तो सर्वत्र पाळला जातोच असें नाहीं. आमच्या तरुणपणीं आम्हींही मोटारसायकल चालविली आहे. ती यामाहाची आर. एक्स. १०० होती, १९८५ सालीं ती भारतांत आली तेव्हां महाविद्यालयाच्या आवारांत तिचा आवाज ओळखणें हें सामान्य ज्ञानांत मोडूं लागलें होतें. तिच्यावर माणूस खुर्चीवर बसल्याप्रमाणें ताठ बसे, आणि वळणावर गाडी जितकी कलेल तितकेंच आपण कलावें, एवढीच आमची विद्या. भाच्याची गाडी त्याच कारखान्याची, पण जात निराळी. ती २००८ सालीं निघालेल्या आर-१५ ह्या वंशांतली. तिचें हॅन्डल खालीं, पाय ठेवण्याच्या जागा मागें व उंच. त्यामुळें स्वार टाकीवर ओणवा होतो, घोड्याच्या मानेवर वाकलेल्या जॉकीसारखा. असल्या गाडीवर ताठ बसावयाचें म्हटलें तरी तिच्या घडणीचीच त्यास आडकाठी आहे.

दुचाकी वळविणें ह्यांत मुळांतच एक चमत्कार आहे. धांवती गाडी डावीकडे वळवावयाची असल्यास हॅन्डलचें डावें टोंक पुढें ढकलावें लागतें, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे फिरतें. त्यामुळें गाडी डावीकडे कलते, आणि कलली म्हणजे डावीकडे वळते. सायकल चालविणारा प्रत्येक मुलगा हें नकळत करीत असतो, आणि तूं असें करतोस असें त्यास सांगितलें तर साफ नाकबूल करतो. विमान उडविणाऱ्या राइट बंधूंचा मूळचा धंदा सायकलींचा. त्यांपैकीं विल्बर राइट ह्याच्या ध्यानांत ही गोष्ट पक्की आली होती. गाडी कलते कां व किती, हें मात्र आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या एका स्नेह्यांनीं फळ्यावर मांडून दाखविलें. वळण जितकें आंखूड व वेग जितका अधिक तितका कल अधिक. त्यांतही वेगाचा वर्ग येतो. ५० मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ६० किलोमीटर वेगानें घेतलें तर गाडी व स्वार मिळून सुमारें ३० अंश कलावें लागतें. तेंच वळण ताशीं ८० नें घ्यावयाचें म्हटलें तर ४५ अंश. वेग एकतृतीयांशानें वाढला; कल दीडपट झाला. हा हिशेबही कागदासारख्या पातळ चाकाचा. प्रत्यक्षांत टायर रुंद असतो, गाडी कलतांच त्याचा जमिनीस टेकलेला भाग आंतल्या बाजूस सरकतो, आणि म्हणून गाडीस हिशेबाहून आणखी थोडें कलावें लागतें.

आतां ह्यांत शरीराचा संबंध कोठें येतो? स्नेह्यांचें उत्तर आम्हांस फार आवडलें. गाडी व स्वार ह्यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो योग्य कोनांत असला म्हणजे रस्त्याचें समाधान होतें. त्यांत गाडीनें किती कलावें व स्वारानें किती, ही घरांतल्या घरांत करावयाची वांटणी आहे. स्वार आंतल्या बाजूस अधिक झुकला तर गाडीस कमी कलून भागतें. स्वार बाहेरच्या बाजूस राहिला तर गाडीस त्याचाही वांटा उचलावा लागतो. चिखलमातींतल्या शर्यतींत स्वार मुद्दाम गाडी खालीं ढकलतात व स्वतः तिच्यावर उभे राहतात, कारण तेथें चाक निसटणार हें ठरलेलेंच असतें व निसटल्यावर सांवरणें हीच कला असते. डांबरी मार्गावर मात्र उलट. १४० किलोंची गाडी, ६५ किलोंचा स्वार, त्यानें आपलें अंग वीतभराहून कांहीं कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर, आंत नेलें, तर दोघांचा मिळून मध्य पांच सेंटिमीटरांच्या आंतबाहेर सरकतो, आणि गाडीचा कल चार-पांच अंशांनीं वांचतो. एवढ्याशा बचतीसाठीं इतकी कसरत, असें वाचकांस वाटेल. परंतु गाडी जेथें आणखी दोन अंश कलली तर पायटा जमिनीस लागून मागचें चाक उचललें जावयाचें, तेथें चार अंश म्हणजे मोठी दौलत आहे. शिवाय गाडी जितकी उभी तितक्या तिच्या स्प्रिंगा रस्त्याचे खांचखळगे नीट गिळतात, आणि वळण संपतांना तितकी लवकर तिला गति देतां येते.

ही वांटणी शर्यतवाल्यांनाही लगेच सुचली नाहीं. १९५० च्या सुमारास अंगाबरोबर बसणारा सबंध कातडी पोशाख रूढ करणारा जेफ ड्यूक, किंवा पुढें नऊ वेळां जगज्जेता झालेला माइक हेलवुड ह्यांचीं छायाचित्रें पाहावीं. गुडघे टाकीला मिटलेले, पाठ गाडीच्या रेषेंत, सारा कारभार कसा खानदानी. त्या बसण्यांत जें सौंदर्य आहे तें पुढच्या कोणाच्याही बसण्यांत आम्हांस दिसलें नाहीं. नंतर फिनलंडचा यार्नो सारिनेन आला. तो बर्फावरच्या शर्यतींत तयार झालेला. वळणावर गुडघा उघडून अंगानें गाडीच्या आंत उतरे. १९७२ सालीं तो २५० सी.सी. वर्गांत जगज्जेता झाला आणि १९७३ च्या मे महिन्यांत इटलींतील मोंझा येथें अपघातांत गेला. त्याच्या धर्तीस परिपूर्णता आणली ती कॅलिफोर्नियाच्या केनी रॉबर्ट्स ह्यानें. हाही मातीच्या वर्तुळाकार मार्गावर वाढलेला. १९७८ पासून लागोपाठ तीन वर्षें तो ५०० सी.सी. चा जगज्जेता होता, आणि त्याचा गुडघा इतक्या नियमानें जमिनीस लागे कीं, कातडें वांचविण्यासाठीं तो त्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळी. आजच्या रंगीत चकत्यांचें मूळ त्या चिकटपट्टींत आहे. २०१३ सालीं विसाव्या वर्षीं पदार्पणांतच जगज्जेता झालेल्या स्पेनच्या मार्क मार्केझनें तर कोपरही जमिनीस लावून दाखविलें. ह्या शर्यतींत गाड्या साठ अंशांच्याही पलीकडे कलतात. आमच्या भाच्याच्या खोलींत देवादिकांच्या जागीं त्याचेंच चित्र आहे.

हें सर्व ऐकून आम्हीं भाच्यास एक अट घातली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० सालीं सुरू झालेला ३.७ किलोमीटरांचा शर्यतमार्ग आहे. तेथें दोन दिवसांचा एक शिक्षणवर्ग भरणार होता. ‘तूं तेथें जा, आम्हीही येतों. आम्हांस जें सांगावयाचें तें त्यानंतर सांगूं,’ असें आम्हीं त्यास कळविलें. मामा आपल्याबरोबर शर्यतमार्गावर येणार ह्या कल्पनेनें त्यास आनंद झाला कीं संकोच वाटला, हें त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

तेथील मास्तर तामिळ होते. कृश, सावळे, मितभाषी. पहिल्या दिवसाची अर्धी सकाळ त्यांनीं एकही गाडी सुरू करूं दिली नाहीं. गाडी स्टँडवर उभी करून एकेका मुलास तीवर चढविलें आणि आसन शिकविलें. आसन हाच शब्द योग्य आहे, कारण आम्हांस एखाद्या योगशाळेंत आल्याचाच भास झाला. वळण येण्यापूर्वींच, गाडी सरळ असतां व ब्रेक लावतांना, अर्धी बैठक आंतल्या बाजूस सरकवून घ्यावयाची. वळणांत शिरल्यावर सरकलें तर गाडी हादरते. आंतल्या पावलाचा चवडा पायट्यावर, टांच गाडीकडे वळलेली, म्हणजे गुडघा आपोआप उघडतो. बाहेरच्या पायाची मांडी टाकीच्या खोबणींत घट्ट रोवावयाची. सबंध शरीर त्या एका मांडीवर टांगलेलें असतें. हात मात्र मोकळे, इतके मोकळे कीं मास्तर येऊन कोपराखालीं बोट लावीत व कोपर हललें नाहीं तर मान हालवीत. भीतीनें माणूस हॅन्डल आंवळतो, आणि आंवळलेलें हॅन्डल गाडीस स्वतःचा तोल सांवरूं देत नाहीं. पांच मिनिटांत भाच्याची मांडी थरथरूं लागली. आम्हीं दुरूनच सहानुभूति व्यक्त केली.

परंतु मास्तरांचा सर्व भर डोक्यावर होता. डोकें व आंतला खांदा पुढें आणि आंत गेला पाहिजे. आंतल्या बाजूचा आरसा जेथें असतो तेथें हनुवटी आली पाहिजे. आरशाचें चुंबन घ्या, असा त्यांचा सांप्रदायिक शब्दप्रयोग आहे. आमच्या भाच्याचें नेमकें येथेंच अडलें. आंतरजालावरील चित्रपटांवरून शिकलेल्या पुष्कळ मुलांप्रमाणें त्याची बैठक थेट गाडीबाहेर, गुडघा फांकलेला, आणि डोकें व छाती मात्र टाकीच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूस मागें राहिलेली. कमरेंत पीळ पडून खालचें अर्धे अंग एका दिशेस व वरचें अर्धे दुसऱ्या दिशेस जाई. वजनाच्या हिशेबानें ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. जें खालीं मिळविलें तें वर घालविलें. गाडीचा कल तसाच राहिला, फक्त गुडघा जमिनीजवळ आला. आणि त्या मुलांना तेवढेंच हवें असतें.

मास्तरांनीं त्यास सांगितलें कीं, गुडघा ही मोजपट्टी आहे. आपण किती कललों हें अंधारांत चांचपून पाहावें तसें त्यानें कळतें. मोजपट्टी लांब केल्यानें कापड वाढत नाहीं. (ही उपमा आमची, त्यांनीं इंग्रजींत जें म्हटलें तें अधिक झोंबणारें होतें.) दोन दिवस त्यांनीं भाच्यास वेग वाढवूं दिला नाहीं. प्रत्येक फेरींत दृष्टि कोठें आहे एवढेंच ते पाहत. वळणाच्या तोंडाशीं असतां डोळे वळणाच्या पोटांत, पोटाशीं आलें कीं डोळे बाहेरच्या वाटेवर. चाकापुढच्या चार हात जमिनीकडे पाहणारा मनुष्य तेथेंच जातो. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यांत पडतो हा आपल्या सायकलवाल्यांचाही जुना अनुभव आहे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं शेवटच्या चार-सहा फेऱ्यांत, बाहेरून पाहणाऱ्या आमच्यासारख्या अडाण्यासही दिसावा इतका फरक पडला. गाडी पूर्वींपेक्षां उभी, पोरगा पूर्वींपेक्षां आंत, आणि पूर्वीं जी वळणावर तीन वेळां मोडणारी वाट असे ती आतां एका दमांत काढलेल्या अक्षरासारखी गोल. वळण शब्दानें आपल्या भाषेंत अक्षराची घडणही दाखवितात व मुलाची चालही. ह्या दोन्हींची आठवण त्या वेळीं आम्हांस झाली. चकत्या मात्र कोऱ्याच राहिल्या. सायंकाळीं तो आमच्याशीं फारसें बोलला नाहीं. जेवतांना एकदांच म्हणाला, “मामा, आणखी थोडा वेग दिला असता तर नक्की लागला असता. आतां डोकें बरोबर येतंय. ताम्हिणींत एक मोठं डावं वळण आहे, एकदम मोकळं. तिथं लागेल.”

हें ऐकल्यावर मात्र आम्हांस आमचें भाषण सुरू करावें लागलें. तें आम्हीं पुण्यास परत येतांना गाडींत केलें, आणि कागद-पेन्सिल घेऊन केलें, कारण नुसत्या काळजीचा ह्या वयावर परिणाम होत नाहीं. आमच्या स्नेह्यांनीं फळ्यावर शेवटीं लिहिलेली एक ओळ आम्हांस विशेष महत्त्वाची वाटली होती. अंग आंत नेल्यानें कल वांचतो. पकड वांचत नाहीं. ५० मीटरांच्या वळणावर ताशीं ६० नें जाणाऱ्यास रस्त्याकडून आपल्या वजनाच्या सुमारें ५७ टक्के इतकें आडवें बळ हवें असतें, मग तो हेलवुडसारखा बसलेला असो कीं मार्केझसारखा लोंबलेला असो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर एवढें बळ आनंदानें देतो. वाळूवर, शेणावर, ट्रकमधून सांडलेल्या डिझेलवर तो देत नाहीं, आणि तेथें कोणतेंही आसन उपयोगी पडत नाहीं. उपयोगी पडतो तो वळणापूर्वींच कमी केलेला वेग. भाच्यानें ही गोष्ट दोनदां तपासून पाहिली. आसनानें पकड वाढते असें त्यास मित्रांनीं सांगितलें होतें, आणि घसरलेल्या त्या मुलासही तेंच वाटत होतें.

दुसरें चित्र आम्हीं स्वतः काढलें. आपण डावीकडून चालणारे लोक. उजवें वळण घेतांना मधल्या पांढऱ्या रेघेस लागून चाक नेलें, तर चाक आपल्या बाजूस असतें हें खरें. परंतु गाडी कललेली, त्यांतून स्वार तिच्याही आंत झुकलेला, म्हणून त्याचें डोकें व खांदा रेघेच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या एस. टी. च्या वाटेंत असतो. डाव्या वळणावर एस. टी. ची भीति नाहीं. तेथें डोकें दरडीच्या किंवा कठड्याच्या बाजूस जातें. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती होत आल्या आहेत. तेथील पर्वतमार्गाची एक फेरी सुमारें ६० किलोमीटरांची आहे, आणि कित्येक ठिकाणीं दगडी भिंत वळणाच्या इतकी पोटांत आहे कीं डोकें बेतानेंच आंत काढावें लागतें. आणि तेथें तर रस्ता बंद केलेला असतो, समोरून कोणी यावयाचें नसतें. ज्या रस्त्यावर म्हैस रवंथ करीत बसलेली असण्याचा संभव आहे त्या रस्त्यावर एका मांडीवर टांगलेल्या माणसास वाट बदलावयास वेळ किती लागेल, असें आम्हीं विचारलें. “परत सरळ बसायलाच एक सेकंद,” तो म्हणाला. ताशीं ६० नें एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जातात, हें त्यानेंच कागदावर लिहिलें.

त्यानें घाटांत जाणें सोडावें असें आम्हीं सांगितलें नाहीं, आणि ह्याबद्दल भगिनी आमच्यावर अद्याप रुष्ट आहे. चालण्यासारखी प्रत्येक विद्या ज्या वयांत अंगांत भिनते त्या वयांत ती बंद केली, तर पोर अर्धवट विद्येनिशीं घाटांत जाईल, एवढेंच आम्हांस दिसत होतें. घाटांत त्यानें काय घ्यावें हें मास्तरांनींच त्यास निघतांना सांगून ठेविलें होतें. बैठक गाडीवरच ठेवावी, डोकें व आंतला खांदा मूठभर आंत घ्यावा, डोळे वळणापार, हात सैल, आणि गुडघा टाकीस मिटलेला. म्हणजे जवळजवळ माइक हेलवुडच, फक्त हनुवटी थोडी आरशाकडे. शिलकेंतले चार अंश खर्च न करतां गांठीस ठेवावयाचे, समोर काय येईल त्यासाठीं. त्यास हें रुचलें असें आम्ही म्हणणार नाहीं. चकत्यांसाठीं तो पुढल्या वर्षीं पुनः चेन्नईस जाणार आहे, आणि पैसे आतांपासून साठवीत आहे.

गेल्या महिन्यांत एका रविवारीं त्यानें आम्हांस ताम्हिणीस चलण्याचा आग्रह केला. आर-१५ च्या मागच्या बैठकीस बैठक म्हणणें हा शब्दांचा अतिव्यय आहे. ती एक उंच टांगलेली फळी असून पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचा विचार ती करतांना कोणीं केलेला नाहीं. मुळशीचें धरण मागें पडेपर्यंत आम्ही रामरक्षा म्हणत होतों. पहिल्या वळणावर गाडी उजवीकडे कलतांच आम्ही साहजिकच डावीकडे कललों, आणि गाडी डगमगल्यासारखी झाली. पोरानें लगेच वेग कमी करून ती डाव्या कडेस घेतली व थांबविली.

“मामा, तुम्ही उलटे झुकूं नका हं,” तो शिरस्त्राणाची काच वर करून म्हणाला. “मुद्दाम माझ्याबरोबर झुकायचंही नाहीं. उजवं वळण आलं कीं नुसतं माझ्या उजव्या खांद्यावरून पाहायचं, डावं आलं कीं डाव्या. बाकीचं अंग आपोआप येतं.”

गाडी पुनः सुरू झाली. पुढचें वळण उजवेंच होतें. पोटांत दरड असल्यामुळें पलीकडचें कांहींच दिसत नव्हतें. त्यानें मधली रेघ चांगली हातभर उजवीकडे सोडली, हॉर्न वाजविला, आणि त्याचें डोकें किंचित् आंत गेलें. आम्ही त्याच्या उजव्या खांद्यावरून पाहूं लागलों. दरडीच्या आडून प्रथम एका मालट्रकचें नाक दिसलें, मग त्याचें चाक, आणि तें रेघेच्या चांगलेंच अलीकडे होतें. पोरानें कांहींच विशेष केलें नाहीं. गाडी तेवढी आणखी जरा कलली, डाव्या बाजूच्या गवताजवळून गेली, आणि आम्ही पुढील वळण कोणत्या अंगास आहे तें पाहण्यासाठीं मान वळविली.